द्राक्षांचा घड आणि आडवी बाटली

प्रति,
विश्वस्त मंडळ,
बॉस्टन सार्वजनिक ग्रंथालय,
कॉप्ली चौक, बॉस्टन

विषय: अंगणातल्या कारंज्यावरच्या ब्राँझच्या बाईची राहिलेली गोष्ट

सन्माननीय विश्वस्तहो,

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे. इंग्रजी तर्जुमा स्वतंत्रपणे पाठवणारच आहे, पण आधी मराठीत लिहिल्याशिवाय मला पुढे सरकता येईना. एक तर राग आणि माया दोन्ही मला याच भाषेत नीट जमतात. दुसरं असं की, मी जी गोष्ट सांगणार आहे तिचा अर्धा भाग तुमच्या चौकात घडला आणि अर्धा पुण्यात. पुण्याकडच्या लोकांनाही ती वाचता यावी.

गेली अनेक वर्षं मी शनिवारी सकाळी तुमच्याकडे येते. पुस्तकं परत करायची, नवी घ्यायची आणि मग अंगणात कमानींच्या सावलीत तासभर बसायचं. भारतातून कोणी आलं की त्यांनाही तिथे नेते. माझ्या मोठ्या बहिणीने अंगणात पाय ठेवताक्षणी म्हटलं होतं, "अगं, हा तर चौसोपी वाडाच!" मॅक्किम या वास्तुकाराने हे अंगण रोमच्या एका जुन्या महालावरून घेतलं, पलाझो देल्ला कॅन्चेलेरियावरून, पण बहिणीला रोमशी काय देणंघेणं. तिला मधलं मोकळं आकाश दिसलं, कडेची पडवी दिसली, मधोमध पाणी दिसलं. आणि मग तिने विचारलं, "तुळशीच्या जागी ही कोण गं?"

ही म्हणजे कुंडातल्या चौथऱ्यावरची ब्राँझची बाई. सुमारे ७ फूट उंच. अंगावर वस्त्र नाही. एका पायाच्या चवड्यावर तोललेली, दुसरा पाय नाचता नाचता उचललेला. एका हाताच्या कवेत तान्हं पोर, दुसरा हात उंच, आणि त्या हातात द्राक्षांचा घड. चेहऱ्यावर असं हसू की बघणाऱ्यालाही हसू यावं. भोवती पाणी. उन्हाळ्यात तुषारांमागून पाहिलं तर क्षणभर वाटतं, ही आता गिरकी पुरी करणार.

मी बहिणीला तेव्हा म्हटलं, "ग्रीक आहे, दारूच्या देवाची भक्तीण." बहीण म्हणाली, "आणि पोराला घेऊन?" मला काही उत्तर सुचलं नाही. हे पत्र म्हणजे त्या प्रश्नाचं फार उशिरा दिलेलं उत्तर आहे असं समजा.

शिल्पाचं नाव 'बॅकांटे आणि बाल फॉन'. बॅकांटे म्हणजे ती भक्तीण, फॉन म्हणजे अर्धा माणूस, अर्धा बोकड असा रानातला देव. फ्रेडरिक मॅकमॉनीजने ते १८९३-९४ मध्ये पॅरिसमध्ये घडवलं. मॅक्किमने त्याला उमेदीच्या काळात मदत केली होती, त्या उपकाराची फेड म्हणून मॅकमॉनीजने मूर्ती त्याला दिली. मॅक्किमने ती स्वतःच्या घरी ठेवली नाही. त्याची पत्नी ज्यूलिया ॲपलटन बॉस्टनची, लग्नानंतर थोड्याच काळात वारलेली. तिच्या स्मरणार्थ १८९६ मध्ये त्याने ही मूर्ती स्वतःच उभारलेल्या तुमच्या नव्या इमारतीच्या अंगणासाठी देऊ केली. तुमच्या तेव्हाच्या पूर्वसूरींना ती हवी होती. शहराच्या कला आयोगाने आढेवेढे घेतले, प्रत्यक्ष पाहण्यासाठी ती अंगणात मांडली गेली, आणि मग गावभर गहजब झाला. व्यासपीठांवरून प्रवचनं झाली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. हार्वर्डच्या चार्ल्स एलियट नॉर्टनसारखे विद्वानही विरोधात उभे राहिले. शिल्पकार सेंट-गॉडन्स मात्र मूर्तीच्या बाजूने होता. अखेर १८९७ मध्ये मॅक्किमने वैतागून देणगी मागे घेतली आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली. मूळ मूर्ती आजही तिथेच आहे. तुमच्या अंगणात जी नाचते ती नंतरची प्रत, जवळपास शंभर वर्षांनी आलेली.

विरोधात सर्वांत ठळक नाव घेतलं जातं ते वुमन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियनचं, म्हणजे दारूबंदीवाल्या बायकांच्या संघटनेचं. आणि इथेच माझी तक्रार सुरू होते. तुमच्याविरुद्ध नव्हे, गोष्ट सांगण्याच्या रीतीविरुद्ध. मी ही कथा जेवणाच्या टेबलावर ऐकली आहे, लेखांतून वाचली आहे, आणि दर वेळी ती विनोद म्हणून येते. सोवळ्या म्हाताऱ्या, नाकाला पदर, ब्राँझच्या बाईला घाबरल्या, हा हा हा. नॉर्टनसाहेबांवर कोणी हसत नाही. हसायचं ते बायकांना.

आधी नग्नतेचं बघू, कारण ते लवकर उरकतं. त्या काळी शहराचं ललितकला संग्रहालयही कॉप्ली चौकातच होतं, १९०९ पर्यंत. तिथे ग्रीक-रोमन मूर्तींचे प्लास्टरचे साचे ओळीने उभे होते, त्यातल्या कितीतरींच्या अंगावर चिंधी नव्हती, आणि शाळांतल्या मुलामुलींना ते दाखवले जात. तुमच्या इमारतीत तर प्यूवी द शाव्हानने जिन्याच्या भिंतीवर ग्रीक कलादेवता रंगवल्या होत्या आणि वरच्या मजल्यावर सार्जंटने पेगन, म्हणजे ख्रिस्तीपूर्व जुन्या धर्मांतल्या, देवदेवता. म्हणजे ग्रीक पुराण चालत होतं, उघडं अंगही रस्ता ओलांडल्यावर चालत होतं. न चाललेली गोष्ट वेगळी होती: दारूच्या धुंदीतली आई आणि तिच्या कडेवर मूल.

आता मूळ पुराण काढा. डायोनायसस, रोमनांचा बॅकस, हा द्राक्षांचा आणि मद्याचा देव. त्याच्यामागे रानोमाळ नाचत जाणाऱ्या स्त्रिया म्हणजे बॅकांटे. थीब्जचा राजा पेंथियस या देवाला मानायला तयार नव्हता. देवाने त्याच्या आईच्याच, अगावेच्या, डोळ्यांवर धुंदी चढवली. तिला मुलगा दिसलाच नाही, सिंह दिसला. तिने आणि तिच्या सोबतिणींनी त्याला हातांनी फाडलं आणि ती त्याचं मुंडकं मिरवत गावात आली. धुंदी उतरली तेव्हा हातात काय आहे ते तिला कळलं.

मॅकमॉनीजने या भयंकर गोष्टीतलं सगळं भय काढून टाकलं. उरला निव्वळ आनंद, आणि तो त्याने इतक्या हलक्या हाताने उतरवला आहे की धातूला वजन असतं हेच विसरायला होतं. त्याच्या कसबापुढे मी हात जोडते. पण कारंज्याजवळ उभं राहून 'हिच्या हातात पोर नको' म्हणणाऱ्या बाईने कळत-नकळत ग्रीक कथा शिल्पकारापेक्षा जास्त खरी वाचली होती, असं मला वाटतं. नॉर्टनसारख्या पंडितांना अगावे ठाऊक असणार. त्या बायकांपैकी अनेकींना अगावे पुस्तकातून नव्हे, शेजारच्या घरातून ठाऊक होती.

मला कशी ठाऊक, ते सांगते. मी निफाडकडची. आमच्या भावाची द्राक्षबाग आहे. लहानपणापासून मला शिकवलंय की घड धरायचा तो देठाला, मण्याला बोट लावायचं नाही, नाहीतर वरची पांढुरकी लव पुसते आणि माल उतरतो. थंडीत मण्याला तडा गेला तर भाऊ रात्र रात्र झोपत नाही. आमचे काही घड परदेशी जातात, काही नाशिकच्या वायनरीत. म्हणजे आमच्या घरात बॅकसचा नैवेद्य पिकतो म्हणा. त्यामुळे द्राक्षांना नावं ठेवायचं पाप माझ्याकडून होणार नाही.

पण त्याच घरात आमची आत्या होती. तिचा नवरा दारूने गेला, जाण्याआधी दोन एकर आणि आत्याचा डावा कान घेऊन गेला. महाराष्ट्रात गावातल्या बायकांना दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून मतदान मागता येतं. मतपत्रिकेवर बाटलीची दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. आत्या घरोघर फिरली. 'आडवी करा गं बायांनो' एवढंच तिचं भाषण. गावातली शिकलेली पोरं तिलाही हसली. तिला कोणी कलेची शत्रू म्हटलं नाही, कारण आमच्या दुकानापुढे ब्राँझची मूर्ती नव्हती. असती तर तीही आडवी करायला आत्या निघाली असती, आणि मी तिला अडवू शकले असते असं मला वाटत नाही.

१८७३-७४ च्या हिवाळ्यात ओहायोतल्या बायका गुत्त्यांसमोर बर्फात गुडघे टेकून प्रार्थनेला बसल्या, त्यातून ही टेंपरन्स युनियन निघाली. ज्या काळी नवऱ्याने पगार गुत्त्यात ठेवला तर बाईला मतही नव्हतं आणि दादही नव्हती, त्या काळची ही गोष्ट. आत्या त्या घोळक्यात सहज मिसळून गेली असती. फक्त लुगडं तेवढं वेगळं दिसलं असतं.

आता पुण्याचा भाग. १८८६ मध्ये पंडिता रमाबाई अमेरिकेत आल्या, आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ पाहायला. फिलाडेल्फियात तो ११ मार्चला झाला. रमाबाई मग राहिल्या. स्वतः विधवा, कडेवर लहान मनोरमा, आणि डोक्यात एकच: हिंदू विधवांसाठी शाळा. दोन वर्षांहून अधिक काळ त्या देशभर फिरल्या, बोलल्या, लिहिलं, आणि डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन शहरात रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. १० वर्षं शाळेचा खर्च उचलण्याचं वचन या संस्थेने दिलं. अध्यक्ष होते एडवर्ड एव्हरेट हेल. त्यांचा पुतळा तुमच्यापासून थोड्याच अंतरावर पब्लिक गार्डनमध्ये आहे. उपाध्यक्षांत फिलिप्स ब्रूक्स, तुमच्यासमोरच्या ट्रिनिटी चर्चचे. जॉर्ज गॉर्डन, चौकाच्या कोपऱ्यावरच्या ओल्ड साउथ चर्चचे. आणि फ्रान्सिस विलार्ड, टेंपरन्स युनियनच्या अध्यक्ष.

हे एकदा सावकाश वाचा. कॉप्ली चौकाच्या दोन बाजूंना दोन चर्च, मधे तुमचं ग्रंथालय, आणि या सगळ्यांच्या ओळखीपाळखीतून गोळा झालेल्या पैशांवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला गेलं. तिथे शिकायला आलेली पहिली विधवा गोदूबाई. पुढे तिने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि आम्ही तिला बाया कर्वे म्हणून ओळखतो. महाराष्ट्रातल्या बाईच्या शिक्षणाचा एक मोठा धागा असा तुमच्या चौकातून जातो. विलार्डबाईंच्या संघटनेबद्दल रमाबाईंनी आपल्या मराठी प्रवासवृत्तात भरभरून लिहिलं आहे. एवढ्या बायका एकत्र येऊन, पुरुषांना न विचारता, देशभर एक काम चालवतात, याचं त्यांना कोण अप्रूप.

आणि १० वर्षांचं ते वचन १८९८ पर्यंतचं. म्हणजे १८९६ च्या थंडीत तुमच्या अंगणात बॅकांटेवरून रण माजलं होतं, तेव्हा पुण्यातल्या विधवांची जेवणं बॉस्टनच्या वर्गणीतून चालली होती. त्याच १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि रमाबाई स्वतः जाऊन उपाशी मुली, तरुण विधवा गोळा करून आणत होत्या, ज्यांच्यासाठी पुढे केडगावची वस्ती उभी राहिली. ज्या संघटनेची अध्यक्ष या कामाला नाव देत होती, तीच संघटना इकडे मूर्ती हटवा म्हणत होती. विनोद करणाऱ्यांना एवढंच विचारायचं आहे: यातल्या कोणत्या बाईला हसताय?

मी पुण्याची बाजू घेतेय असं समजू नका. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होताहेत म्हणून पुण्यात जे वादळ उठलं, त्यात 'केसरी' आघाडीवर होता आणि रानडे-भांडारकरांसारख्या सुधारकांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं. ती भीती पूर्ण खोटी होती असंही म्हणवत नाही. पण पालकांनी मुली काढून नेल्या आणि त्यातल्या कित्येकींचं शिक्षण तिथेच खुंटलं. बॉस्टनने एका मूर्तीला बाहेर काढलं, पुण्याने जित्या पोरींना. पुण्याला बॉस्टनवर हसायचा हक्क नाही.

आणखी एक जाता जाता. त्याच १८९६ च्या सुमारास मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयातल्या गणपतराव म्हात्रे या तरुण मुलाने प्लास्टरमध्ये 'मंदिरपथगामिनी' घडवली. नऊवारीतली बाई, पूजेला निघालेली. शिक्षण त्याचंही युरोपीय वळणाचं, हात ग्रीक मूर्तींच्या साच्यांवरच बसलेला. पण अंगावरचं लुगडं त्याने असं उतरवलं की चुण्यांतून पाऊल दिसावं. दोन्ही बायका चालीच्या, दोघींचं पाऊल उचललेलं. एक देवळाकडे निघालेली, एक देवाच्याच धुंदीत. या दोघींची चित्रं शेजारी शेजारी लावून कोणीतरी एकदा बघावी, एवढंच मनात येतं. यातून मला काही सिद्ध करायचं नाही.

मॅकमॉनीजचं मात्र बायकांशी काही जमलं नाही हे खरं. १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी हॉलपुढे त्याचं दुसरं कारंजं बसलं, संगमरवरी. नागरी सद्गुण म्हणजे एक दणकट पुरुष आणि त्याच्या पायाशी दुर्गुण म्हणून दोन स्त्रिया. नुकताच मताधिकार मिळालेल्या बायका भडकल्या, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? ते कारंजं आधी क्वीन्सला आणि २०१२ मध्ये एका दफनभूमीत हलवलं गेलं. बॅकांटेच्या बाबतीत मी शिल्पकाराच्या बाजूने आहे, इथे नाही.

हो, बॅकांटेच्या बाबतीत मी त्याच्याच बाजूने आहे, हे स्वच्छ लिहिते, नाहीतर कोणी हे पत्र मूर्ती काढा म्हणणारं आहे असा समज करून घेईल. ती तिथेच हवी. ब्राँझ आणि पाणी यांचं जे नातं असतं ते संग्रहालयाच्या छताखाली कळत नाही. वाऱ्याने तुषार उडतात, खांद्यावरून ओघळतात, पाण्यावरची तिरीप वर पोटावर हलते, आणि धातू क्षणोक्षणी वेगळा दिसतो. थंडीत पाणी बंद झालं की तीच मूर्ती अवघडल्यासारखी वाटते, नाच चालू असताना वाजंत्री उठून गेल्यासारखी. मॅक्किमला हे कळत होतं म्हणून त्याने तिला घरात न ठेवता अंगण दिलं. पत्नीच्या आठवणीसाठी त्याने रडणारा देवदूत निवडला नाही, हसणारी बाई निवडली, हेही मला फार आवडतं.

म्हणून विनंती अशी. अंगणात, कमानीखाली, बसल्या जागेवरून वाचता येईल अशी एक पाटी लावा. तिच्यावर मूर्ती कुणी केली, कुणी दिली, का गेली, प्रत कधी आली हे असावंच. पण त्याखाली विरोध करणाऱ्यांचंही म्हणणं त्यांच्या अब्रूला धक्का न लावता असावं. त्यातल्या बायका कोणत्या घरांतून आल्या होत्या ते असावं. अगावेची कथा चार ओळींत असावी. आणि रमाबाईंचं नाव असावं, नुसतं 'भारतातील एक समाजसुधारक' असं नको, पंडिता रमाबाई, पुणे, असं.

जमलं तर आणखी एक करा. रमाबाई असोसिएशनचे वार्षिक अहवाल बॉस्टनमध्येच छापले जात. त्यांतलं एखादं पान, शारदा सदनाचा हिशेब असलेलं, एका नोव्हेंबरात काचेखाली मांडा. १८९६ चं वर्ष मिळालं तर उत्तम. धान्याला किती, वह्यांना किती, हे लोक वाचतील, आणि मग खिडकीतून खाली कारंज्याकडे बघतील.

दारावरच्या दगडात तुमच्या ग्रंथालयाने 'सर्वांसाठी खुले' असं कोरून ठेवलंय. आमची आत्या कधी अमेरिकेत आली नाही. आली असती तर पायऱ्या चढून, मला पुढे घालून, अंगणापर्यंत नक्की आली असती. मूर्तीकडे बघून काय म्हणाली असती ते मला पक्कं माहीत आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाणी बघून मात्र पदर खोचून हात-पाय धुवायला वाकली असती, आणि तुमच्या पहारेकऱ्याला तिला थांबवणं जड गेलं असतं.

पाटीचा कच्चा मसुदा इंग्रजीत आणि मराठीत तयार करून सोबत जोडला आहे. १५० शब्दांत बसवला आहे, अगावेसकट. मानधन नको. दुरुस्त्या लाल शाईने करा आणि परतीच्या काउंटरवर ठेवा, मी शनिवारी पुस्तकं द्यायला येतेच आहे.

कळावे,

आपली,
अंगणात बसणारी एक वाचक